हातचे राखून

1988 सालचा मे महिना. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा अखेरच्या टप्प्यात आली होती. 167 खेळाडूंपैकी टेबलावर दोघेच उरले होते. एक जॉनी चॅन, आदल्या वर्षीचा विजेता. दुसरा एरिक सायडेल, न्यूयॉर्कचा तरुण, बॅकगॅमनमध्ये मुरलेला, शेअरबाजारात काम केलेला आणि एवढ्या मोठ्या पोकर स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलेला. चॅनच्या हातात किलवरचा गुलाम आणि किलवरची नव्वी होती. सायडेलकडे राणी आणि सत्ती. टेबलावर तीन पाने उघडली गेली: राणी, दश्शी, अठ्ठी. तिन्ही वेगवेगळ्या रंगांची.

सायडेलला राण्यांची जोडी लागली होती, आणि टेबलावर राणीपेक्षा मोठे पान नव्हते. चॅनला त्याहून पुष्कळ मोठे काही मिळाले होते. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी अशी पाच पानांची सलग रांग, म्हणजे पोकरमधला स्ट्रेट. त्या तीन पानांवर याहून मोठा हात कोणाकडे असूच शकत नव्हता. तरी चॅनने जोर दाखवला नाही. तो ‘चेक’ म्हणत वाट पाहत राहिला. शेवटी सायडेलने आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि चॅनने लगेच त्या स्वीकारल्या. स्पर्धा तिथेच संपली. चॅनला सात लाख डॉलर मिळाले, सायडेलला दोन लाख 80 हजार.

या डावाची चित्रफीत दहा वर्षांनी जगभर पोहोचली. 1998 च्या ‘राउंडर्स’ या चित्रपटात मॅट डेमनने रंगवलेला नायक ती पुन्हा पुन्हा पाहतो, आणि अखेरच्या डावात स्वतःही तसाच सापळा लावतो. भारी हात असताना मुद्दाम हलका असल्यासारखे खेळण्याला पोकरमध्ये ‘स्लोप्ले’ म्हणतात. चित्रपट पाहिलेल्या कित्येकांसाठी हुशारीने पोकर खेळणे म्हणजे हेच होऊन बसले. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. भारी हात आला की बहुतेक वेळा सरळ पैसे लावावेत. चॅनचा डाव अपवादांपैकी होता, आणि तो अपवाद का ठरला हे समजले की या प्रश्नाची निम्मी उकल होते.

खेळाची चौकट साधी आहे. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी सामाईक पाने उघडतात: आधी तीन, त्यांना फ्लॉप म्हणतात, नंतर एक, तो टर्न, शेवटी आणखी एक, तो रिव्हर. आपली दोन आणि टेबलावरची पाच अशा सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो जिंकतो. मधल्या प्रत्येक टप्प्यावर पैसे लावता येतात, दुसऱ्याने लावले तर तेवढेच भरता येतात, वाढवता येतात किंवा पाने टाकून डाव सोडता येतो. कोणी काही लावले नसेल तर ‘चेक’ म्हणून पाळी पुढे देता येते. स्लोप्लेचे मुख्य हत्यार हा ‘चेक’च.

मराठी वाचकाला हा मोह नवा नाही. दिवाळीच्या रात्री तीन पत्ती खेळताना ट्रेल, म्हणजे तीन सारखी पाने, आली, तर जाणता माणूस चेहरा कोरा ठेवतो, लहान चाली करत राहतो आणि बाकीच्यांना टेबलावर टिकवून धरतो. तीन पत्तीत ट्रेल येण्याची शक्यता साधारण सव्वाचारशे डावांत एक. इतक्या दुर्मीळ पानांवर सगळ्यांनी लगेच पाने टाकली, तर जीव हळहळतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तिथे तंतोतंत लागू पडते. एकदा वाटलेली तीन पाने शेवटपर्यंत तीच राहतात. ट्रेल घेऊन कितीही वेळ वाट पाहिली, तरी समोरच्याचा हात मध्येच सुधारत नाही.

होल्डेममध्ये मूठ झाकून ठेवली, तरी टेबलावर पाने पडत राहतात. पणजीला मांडवीच्या पात्रातल्या कॅसिनो-जहाजांवर तीन पत्तीतून आलेला माणूस पोकरच्या टेबलाशी बसतो, तेव्हा जुनी सवय अनेकदा इथेच त्याला धोका देते. त्याचा ‘चेक’ म्हणजे समोरच्याला फुकट मिळालेले एक पान असते.

त्या फुकट पानाची किंमत मोजता येते. समजा, एखाद्याच्या हातात अठ्ठ्यांची जोडी आहे. फ्लॉपवर बदामाची अठ्ठी, बदामाची नव्वी आणि किलवरची छक्की आली. तीन अठ्ठ्या झाल्या, म्हणजे सेट लागला. हातात जोडी असताना फ्लॉपवर असे होण्याची शक्यता साडेआठांत एक असते. इतका वेळ वाट पाहिल्यावर आलेला हात म्हणून खेळाडू हरखतो आणि शांतपणे ‘चेक’ म्हणतो. आता समोर तिघे आहेत. कोणाकडे दोन बदाम असतील, कोणाकडे एखादी सत्ती, कोणाकडे दश्शी-गुलाम. पुढचे पान बदाम आले तर कोणाचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने, होऊ शकतो. दश्शी, पंजी, सत्ती किंवा राणी आली तर कोणाचा स्ट्रेट. बदामाची छक्की मात्र सेटवाल्याचेच फुल हाउस (तीन सारखी पाने आणि एक जोडी) करते, म्हणून ती सोडून द्यायची. तरीही न दिसलेल्या 47 पानांपैकी 22 पाने अशी उरतात, ज्यांच्यातल्या कोणत्याही एकाने त्याची झोप उडावी. दर दोन पानांत जवळपास एक.

त्याच जागी पैसे लावले तर चित्र पालटते. पॉटमध्ये, म्हणजे मधोमध जमलेल्या पैशांत, 400 आहेत आणि तो 300 लावतो, असे धरू. दोन बदाम धरून बसलेल्याला आता 700 जिंकण्यासाठी 300 भरावे लागतात. त्याला हवे ते पान पुढच्याच फेरीत येण्याची शक्यता साधारण पाचांत एक. म्हणजे एका यशामागे चार अपयशे, आणि मोबदला मात्र अडीचपटही नाही. नंतर आणखी बरेच काही जिंकण्याची आशा नसेल, तर असा सौदा करणारा कालांतराने बुडतो. ‘चेक’ केला असता तर हाच सौदा त्याला फुकट मिळाला असता. पैसे लावल्याने डाव वाचतो एवढेच या हिशेबातून निघत नाही. समोरच्याला चूक करायला लावणे हाच भारी हाताचा खरा कमाईचा मार्ग आहे, आणि तोही याच हिशेबातून दिसतो.

आता उलट टोकाचे उदाहरण. हातात एक्क्यांची जोडी, आणि फ्लॉपवर एक्का, चव्वी, चव्वी, तिन्ही वेगळ्या रंगांची. फुल हाउस लागले. हरण्याची भीती जवळपास नाही, कारण कोणाकडे दोन्ही चव्व्या असतील किंवा पुढे तसे काही अद्भुत जुळले तरच हा हात पडतो. इथे पैसे लावले तर भरणार कोण? समोरच्याकडे राजांची जोडी असली, तरी टेबलावरचा एक्का पाहून तो बिचकतो. पण त्याला एक पान फुकट दिले आणि तो राजाच निघाला, तर त्याचेही फुल हाउस होते, एक्क्यांपेक्षा हलके. मग तो आपण होऊन सगळे लावतो. राजा नाही आला, तरी एखाद्या राणी-दश्शीवाल्याला राणीची जोडी लागते आणि एका चालीचे तरी पैसे मिळतात. फुकट पानाने समोरच्याचा हात सुधारावा, पण दुसऱ्या क्रमांकापर्यंतच, अशी ही जागा आहे.

डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकी लेखक-खेळाडूने 1980 च्या दशकात ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात स्लोप्लेच्या अटी बांधून दिल्या, त्यांचा गाभाही हाच. हात फार भारी हवा. फुकट पानाने इतरांना हरण्यापुरता चांगला हात मिळण्याची बऱ्यापैकी शक्यता हवी, जिंकण्यापुरता चांगला मिळण्याची फारच थोडी. जोर दाखवला तर सगळे पळतील याची खात्री हवी, आणि न दाखवला तर मोठा पॉट हाती येण्याची चांगली शक्यता हवी. आणि पॉट अजून फार मोठा झालेला नसावा. या सगळ्या अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात. शेवटची अट लोक सर्वांत जास्त विसरतात. पॉट मोठा झाला असेल तर तो आत्ता, याच क्षणी जिंकण्यात काहीच कमीपणा नाही.

चॅनच्या डावाला ही फूटपट्टी लावून पाहावी. समोर एकच माणूस. फ्लॉप तीन रंगांचा, म्हणजे फ्लशची भीती लांबची. सायडेलची राणी-सत्ती जिंकायची असेल, तर तिला फुल हाउस किंवा चार राण्याच लागणार, आणि तेही पुढच्या दोन्ही पानांनी मिळून साथ दिली तरच. उरलेल्या पानांच्या 990 जोड्यांपैकी अशा जोड्या फक्त 28. शंभरात तीनही नाहीत. चॅनला अर्थात सायडेलची पाने दिसत नव्हती, पण समोर कोणतीही सामान्य जोडी असती तरी आकडा याच्याच आसपास राहिला असता. शिवाय समोरच्याकडे पैसे लावण्याजोगे काहीतरी होते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्यासाठी सापळा लावून उपयोग नसतो, कारण तो आत शिरतच नाही.

पैशांचा हिशेब याहून महत्त्वाचा, आणि चित्रपटात तो कुठेच दिसत नाही. होल्डेममध्ये पॉट बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. पॉटमध्ये 100 आहेत आणि दोघांकडे प्रत्येकी 1000 उरले आहेत, असे समजू. दर फेरीला पॉटएवढे पैसे लावायचे. फ्लॉपवर 100 लावले आणि समोरच्याने भरले, तर पॉट 300 झाला. टर्नवर 300 लावले, पॉट 900. रिव्हरवर उरलेले 600 सहज आत जातात. तीन फेऱ्यांत समोरच्याचे सगळे 1000 मिळाले. आता फ्लॉपवर ‘चेक’ करून फसवले, असे धरू. टर्नवर 100, रिव्हरवर 300, एकूण 400. एक फेरी सोडल्याची किंमत 600 पडली. आणि ती सोडली तेव्हा पॉट जेमतेम 100 होता, म्हणून तोटा डोळ्यांना जाणवलाही नाही.

यावरून एक अंदाज बांधता येतो. लपून खेळल्याने दर वेळी हमखास 400 मिळतात असे मानले, तरी सरळ खेळून दहांपैकी चार वेळा सगळे 1000 मिळाले की हिशेब बरोबरीत येतो. आणि लपून खेळल्याने दर वेळी 400 मिळतात, हे मानणेच मुळात फार उदार आहे. म्हणूनच दोघांकडे पुष्कळ चिप्स असतील आणि पॉट लहान असेल, तर सापळ्याचा मोह आवरलेला बरा. चिप्स थोड्या उरल्या असतील तर गोष्ट वेगळी. एक-दोन चालींत त्या आपोआप आत जातात, मग एखादी फेरी सोडणे परवडते.

चॅनच्या डावाचे उलटे, आणि तितकेच प्रसिद्ध, उदाहरण 2003 च्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत घडले. ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तिथे पोहोचला होता. 839 खेळाडू होते. शेवटी त्याच्यासमोर सॅमी फरहा हा मुरलेला खेळाडू होता. मनीमेकरकडे पंजी-चव्वी, फरहाकडे गुलाम-दश्शी. फ्लॉपवर गुलाम, पंजी, चव्वी आली, त्यातली दोन पाने इस्पिकची. मनीमेकरने आधी ‘चेक’ केले, पण ते जाळे पुढच्या पानापर्यंत ताणले नाही. फरहाने पैसे लावताच त्याने तिथल्या तिथे रक्कम वाढवली. फरहाने सगळे लावले, मनीमेकरने भरले. त्याच्या दोन जोड्या पुढे होत्या, पण पुढच्याच पानात उरलेल्या दोन गुलामांपैकी किंवा तीन दश्श्यांपैकी एखादे पान आले असते, तर डाव उलटला असता. नऊ पानांत एक, एवढी ती शक्यता. रिव्हरवर पंजी आली, मनीमेकरचे फुल हाउस झाले आणि तो 25 लाख डॉलर घेऊन घरी गेला. चॅन थांबला, मनीमेकर थांबला नाही. हात दोघांचेही भारी, पण एकाचा हात ढळण्याची शक्यता जवळपास नव्हती, दुसऱ्याचा कधीही ढळला असता.

फ्लॉपपूर्वीचा मोह आणखी जुना. हातात एक्क्यांची जोडी येते साधारण 221 डावांत एकदा. ती लपवावी म्हणून अनेक जण रक्कम न वाढवता नुसते पैसे भरतात आणि टेबलावरच्या सगळ्यांना स्वस्तात आत येऊ देतात. समोर एकच अनोळखी हात असेल, तर एक्के 100 पैकी 85 वेळा जिंकतात. समोर चौघे असतील तर 56 वेळा. नऊ जण असतील तर 31. पॉट मोठा होतो हे खरे, पण तो जिंकण्याची शक्यता उतरत जाते, आणि फ्लॉप पडल्यावर आपण पुढे आहोत की मागे याचा काहीच अदमास लागत नाही. नवख्या खेळाडूंचे सर्वांत मोठे नुकसान याच जागी होत असावे, असे वाटते.

मग थांबणे चूकच, असे म्हणायचे का? या प्रश्नावर गणिताने फार सुंदर उत्तर दिले आहे.

हॅरोल्ड कून या अमेरिकी गणितज्ञाने 1950 मध्ये पोकरचे एक छोटे प्रारूप मांडले. तीनच पाने: गुलाम, राणी, राजा. दोन खेळाडू, प्रत्येकाचा एक रुपया आधीच पॉटमध्ये, प्रत्येकाला एक पान. पहिल्याने ‘चेक’ करायचे किंवा आणखी एक रुपया लावायचा. आता पहिल्याच्या हातात राजा आहे असे समजा. तो हरूच शकत नाही. पण तो फक्त राजावरच पैसे लावतो आणि गुलामावर कधीच थाप मारत नाही, हे दुसऱ्याला माहीत असेल, तर दुसरा राणी शांतपणे टाकून देईल. राजाला वरचा रुपया मिळणारच नाही. कूनच्या उत्तरात याचे नेमके गुणोत्तर आहे. पहिला खेळाडू गुलामावर जितक्या वेळा थाप मारतो, त्याच्या तिप्पट वेळा त्याने राजावर पैसे लावावेत. गुलामावरची थाप शून्यापासून तीनांत एकदापर्यंत कितीही असू शकते. ती शून्य असेल, तर राजावरही कधी पैसे लावू नयेत, नेहमी ‘चेक’ करून दुसऱ्याच्या थापेची वाट पाहावी. ती तीनांत एकदा असेल, तर राजावर दर वेळी सरळ लावावे. आणि या सगळ्या तऱ्हा सारख्याच चांगल्या. म्हणजे राजा लपवायचा की नाही, हे राजाकडे पाहून ठरत नाही. हातात गुलाम असताना तो माणूस कसा खेळतो, यावर ते ठरते.

टेबलावर याचा अर्थ रोखठोक आहे. ज्याला सगळे सोवळा, भित्रा खेळाडू समजतात, त्याने पैसे लावताच बाकीचे पळतात, म्हणून लपण्यात त्याचा थोडाफार फायदा आहे. जो सतत पैसे लावतो आणि वाढवतो, त्याने भारी हातावर अचानक गप्प बसणेच संशयास्पद. त्याने नेहमीसारखेच लावत राहावे, समोरचा थाप समजून भरेल. समोरच्याचा स्वभावही तितकाच महत्त्वाचा. आक्रमक माणसाला ‘चेक’ दिसला की हात शिवशिवतात, त्याच्यासाठी सापळा योग्य. काहीही झाले तरी ‘पाहू या’ म्हणून पैसे भरणारा माणूस कधी स्वतःहून लावत नाही. त्याच्यासमोर थांबणे म्हणजे तो द्यायला तयार असलेले पैसे नाकारणे.

संगणकाने या चर्चेत एक अनपेक्षित पान टाकले. जानेवारी 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात सीफियस नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. लिमिट होल्डेम, म्हणजे रक्कम ठरावीक टप्प्यांनीच वाढवता येते असा पोकरचा प्रकार, दोघांपुरता त्याने व्यवहारात सोडवला होता. कोणी आयुष्यभर त्याच्याशी खेळले, तरी त्याला हरवल्याचे खात्रीने म्हणता येणार नाही, इतका तो अचूक. त्याच्या खेळात एक गोष्ट माणसांना खटकली. फ्लॉपपूर्वी पाने वाटणाऱ्याच्या जागी असताना शेवटची वाढ तो जवळपास कधीच करत नाही. हातात एक्क्यांची जोडी असली तरी दहा हजारांत एकदाही नाही. चांगले चांगले मानवी खेळाडू मात्र तिथे बेधडक वाढवत आले होते.

हा स्लोप्लेच आहे, पण चॅनच्या किंवा चित्रपटातल्या जातीचा नाही. तिथे ‘चेक’ नाही, फुकट पान नाही. आधीच वाढत गेलेला पॉट आहे, समोरचा पैसे लावतोच आहे, आणि प्रोग्रॅम एक शेवटची पायरी सोडून देतो. सोडलेली रक्कम एका ठरावीक चालीएवढी, लहान. बदल्यात त्याच्या हातात एक्के असू शकतात ही शक्यता पुढच्या तिन्ही फेऱ्यांत जिवंत राहते. रकमेवर मर्यादा नसलेल्या खेळात तीच पायरी सोडणे कितीतरी महाग पडते, म्हणून त्याचे आंधळे अनुकरण करण्यात अर्थ नाही.

भारतात हे सगळे आजमावण्याच्या जागा आता मोजक्या आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि पोकरही त्या कक्षेत आला. गोव्यातली परवानाधारक टेबले आहेत, पण तिथेही खिशातले खरे पैसे जातात, आणि ते परत मिळवण्याच्या भरात माणसे बुडालेली आहेत. हा खेळ समजून घ्यायचा तर घरच्या चौघांत काजू-बदामांवर खेळूनही समजतो. वर मांडलेला गुणाकार बदामांनाही तसाच लागू होतो.

सापळ्यात सापडलेल्या सायडेलचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. तो टेबल सोडून गेला नाही. वर्ल्ड सिरीजमधल्या प्रत्येक स्पर्धेच्या विजेत्याला सोन्याचे ब्रेसलेट मिळते. चॅनकडे अशी दहा आहेत. 2023 मध्ये सायडेलनेही दहावे जिंकले.